नव्या वाणाचं सफरचंद: पेटी येण्याआधीची तयारी आणि चाखण्याची रीत

सफरचंदाचं एक वाण तयार व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ‘हनीक्रिस्प’चा संकर १९६० मध्ये झाला आणि वाण बाहेर आलं १९९१ मध्ये. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीनं १९९७ साली ‘हनीक्रिस्प’ आणि ‘एंटरप्राइज’ यांचा संकर केला. त्यातून निघालेलं ‘कॉस्मिक क्रिस्प’ दुकानात पोचलं डिसेंबर २०१९ मध्ये. आपण मात्र नव्या वाणाचा निकाल गाड्यावरच उन्हात तापलेल्या एका फळाच्या एका घासावर लावून मोकळे होतो. त्या घासात कळतो तो त्या फळाचा प्रवास. वाण कळायचं तर फळाचं वय माहीत हवं, शेजारी ओळखीचं फळ हवं आणि तापमान बरोबर हवं. एवढं जमवलं तर परभणीच्या किंवा बीडच्या घरातही नीट परीक्षा करता येते.

आधी वय काढा

फळ कुठल्या देशाचं आणि आज कोणता महिना, एवढ्यावरून वयाचा चांगला अंदाज येतो. हिमाचलची लवकर येणारी वाणं जूनअखेर-जुलैत सुरू होतात, दाट लागवडीच्या बागांमधलं ‘गाला’ जुलै-ऑगस्टमध्ये, रॉयल डेलिशियस ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. काश्मीरचा मुख्य माल सप्टेंबर-ऑक्टोबरचा, फुजी त्याहून उशिरा. पुढं उन्हाळ्यापर्यंत जे येतं ते शीतगृहातलं. न्यूझीलंड, चिली, दक्षिण आफ्रिका इथं ऋतू उलटे, तिथली तोडणी फेब्रुवारी ते मे. म्हणून ‘रॉयल गाला’, ‘जॅझ’, ‘एन्व्ही’ ही न्यूझीलंडची फळं आपल्याकडं साधारण एप्रिलनंतर ताजी मिळतात. वॉशिंग्टन, इटली, तुर्कस्तान, पोलंड इथली तोडणी ऑगस्ट ते नोव्हेंबर.

समजा जून महिना आहे आणि दुकानात दोन नवी वाणं शेजारी मांडली आहेत, एक न्यूझीलंडचं आणि एक वॉशिंग्टनचं. पहिलं झाडावरून उतरून एक ते चार महिने झालेत, दुसऱ्याला सात महिन्यांहून जास्त. दोन्ही करकरीत असू शकतात, कारण नियंत्रित वातावरणाच्या शीतगृहात ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १ ते ३ टक्क्यांपर्यंत खाली आणलेला असतो आणि फळाचा श्वास मंदावतो. पण त्याबरोबर सुगंध तयार करण्याची फळाची ताकदही मंदावते. लांब साठवलेल्या फळात करकर शिल्लक असते, गोडी असते आणि वास जवळजवळ गेलेला असतो. अशा फळावरून ‘या वाणाला वासच नाही’ असं म्हणणं अन्यायाचं आहे.

हंगामाची पहिली पेटीही फसवी असते. लवकर आलेल्या मालाला भाव चांगला मिळतो, म्हणून तो अनेकदा पुरा तयार होण्याआधी उतरवतात. काही ठिकाणी रंग यावा म्हणून इथेफॉन हे रसायन फवारतात. साल लाल होते, आतला गर मागं राहतो. नवं वाण आलं अशी खबर लागली तरी दोन आठवडे थांबा आणि तिसऱ्या आठवड्यातला माल घ्या. नवरात्राच्या उपवासात सफरचंदाचा भाव चढतो आणि निवडायला वाव कमी राहतो, त्यामुळं चाखण्यासाठीची खरेदी घटस्थापनेच्या आधी किंवा दसऱ्यानंतर ठेवलेली बरी.

पेटीवर काय वाचायचं

सुट्या फळावरच्या स्टिकरपेक्षा पेटीवरचा छापील मजकूर जास्त भरवशाचा. स्टिकर कुठल्याही फळावर चिकटवता येतं. छत्रपती संभाजीनगरात जाधववाडीच्या बाजार समितीत किंवा तुमच्या गावच्या फळबाजारात पेटी फुटताना हजर राहता आलं तर वाणाचं नाव, देश, पॅकिंगची तारीख असेल तर ती, आणि ‘काउंट’ पाहून घ्या. काउंट म्हणजे पेटीत किती फळं. आयात मालाची पेटी बहुधा १८ किलोची असते, म्हणजे १०० काउंटचं फळ सरासरी १८० ग्रॅमचं, ८० काउंटचं २२५ ग्रॅमचं, १२५ काउंटचं १४४ ग्रॅमचं. हिमाचलात २०२४ च्या हंगामापासून २० किलोचा युनिव्हर्सल कार्टन लागू झाला आहे, तिथंही हाच हिशेब करता येतो.

चाखायला १०० ते ११३ काउंटचं फळ घ्या. फार मोठं फळ दिसायला रुबाबदार असतं, पण ते लवकर पिठूळ होतं आणि त्यात कडू डागाचा रोगही जास्त दिसतो. फार लहान फळात गाभाच जास्त.

स्टिकरवरचा चार आकडी क्रमांक वाणाचा असतो. ४०१७ म्हणजे ग्रॅनी स्मिथ, ४१३१ म्हणजे मोठ्या आकाराचं फुजी, ३२८३ हनीक्रिस्प, ३५०७ कॉस्मिक क्रिस्प. पाच आकडे असून पहिला ९ असेल तर सेंद्रिय. दर्जाशी या आकड्याचा काही संबंध नाही. नावांबद्दलही सावध राहा, कारण बाजारातलं नाव आणि वाणाचं नाव वेगळं असू शकतं. ‘पिंक लेडी’ हे व्यापारी नाव आहे, वाण ‘क्रिप्स पिंक’, आणि ठरलेल्या दर्जाला उतरलेलं फळच त्या नावानं विकता येतं. ‘एन्व्ही’चं वाण ‘सायलेट’. म्हणजे दोन नावांनी तेच फळ घरी येऊ शकतं.

फळ हातात घेऊन

लाल रंगाकडं पाहू नका. लाल पट्ट्यांच्या मधली जागा आणि देठाजवळचा खळगा पाहा. तिथं गडद हिरवा असेल तर फळ कच्चं, हिरवट पिवळा किंवा मलईसारखा असेल तर तयार, आणि पूर्ण पिवळा पडून साल तेलकट लागत असेल तर फळ पुढं गेलेलं. हा तेलकटपणा बऱ्याच वाणांत फळ स्वतःच तयार करतं, त्याला बाहेरून लावलेलं मेण समजू नका. देठ ताठ हवा. देठाभोवती साल सुरकुतली असेल तर फळानं पाणी गमावलंय. अंगठ्यानं दाबून पाहायची सवय सोडून द्या. दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग पडतो आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला जातो. त्याऐवजी फळ कानाजवळ धरून बोटानं टिचकी मारा. भरलेलं फळ टणक वाजतं, पिठूळ झालेलं बद्द वाजतं. सारख्या आकाराच्या दोन फळांतलं हाताला जड लागणारं घ्या.

नव्या वाणाची आठ फळं आणि ओळखीच्या दोन वाणांची दोन-दोन फळं, एवढी खरेदी पुरते. ओळखीच्यातलं एक काश्मिरी डेलिशियस असावं, दुसरं आंबट बाजूचं, म्हणजे ग्रॅनी स्मिथ. ही दोन टोकं ताटात असली की नवं फळ कुठं बसतं ते लगेच कळतं.

घरी आणल्यावर

आठातली दोन फळं पहिल्या बैठकीला, एक-दोन कापून तपासायला, दोन फळं तीन दिवस बाहेर ठेवायला आणि उरलेली फळं तीन आठवडे फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, भोकं पाडलेल्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, तिथं गर गोठतो आणि वर आल्यावर पाणचट होतो. सफरचंदातून इथिलीन वायू निघतो. त्यानं शेजारची मेथी-कोथिंबीर पिवळी पडते आणि गाजरं कडवट होतात, म्हणून पिशवी वेगळी. बाहेर ठेवायची फळं एप्रिल-मेमध्ये कूलर लावलेल्या खोलीतच ठेवा. पत्र्याखाली किंवा गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत तीन दिवसांत फळ म्हातारं होतं.

तपासायच्या फळासाठी औषध दुकानातलं टिंक्चर आयोडीन किंवा पोव्हिडोन आयोडीन आणा. एक चमचा औषधात चार चमचे पाणी. फळ आडवं, मधोमध कापा आणि कापलेल्या तोंडाला हे पाणी लावून दोन मिनिटं थांबा. स्टार्च असेल तिथं गर निळा-काळा पडतो. स्टार्चची साखर गाभ्याकडून सालीकडं होत जाते. त्यामुळं सगळं काळं म्हणजे कच्चं, मध्य पांढरा आणि कडेला काळं कडं म्हणजे पिकत असलेलं, अजिबात काळं नाही म्हणजे साखर पूर्ण झालेली. कडं दिसलं तर बाकीची फळं आठवडाभर थांबवून मग चाखा. हे फळ कुणी खायचं नाही, सुरीही स्वच्छ धुवायची. बियांचा रंगही इथंच दिसतो. पांढऱ्या बिया म्हणजे घाईनं तोडलेलं फळ.

घरात किंवा शेजारी द्राक्षबागायतदाराकडं ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर मागून आणा. आधी शुद्ध पाण्यानं शून्य लावून घ्या. रस एका जागेचा घेऊ नका. उन्हाच्या बाजूला आणि देठाच्या विरुद्ध टोकाला गोडी जास्त असते, त्यामुळं दोन्ही बाजूंच्या फोडींचा रस एकत्र करून मोजा. ११ च्या खाली फिकं, १२-१३ ठीक, १४ च्या वर गोड. पण नुसत्या या आकड्यावर भाळू नका. १४ ब्रिक्सचं फळ आम्ल नसेल तर सपक लागतं आणि १३ चं फळ भरपूर आम्लामुळं चमकदार लागतं.

चाखायची बैठक

वेळ सकाळी दहा-अकराची किंवा दुपारी चारची. दात घासून तास झालेला असावा, कारण टूथपेस्टच्या फेसानं गोडी दबते आणि आंबट कडवट लागतं. चहा, तंबाखू, पान, मिरचीचा ठेचा यांच्यानंतर किमान तासभर थांबा. दोन फळांच्या मध्ये साध्या पाण्याची चूळ आणि अळणी मुरमुऱ्यांचे चार दाणे. पाणी बोअरचं खारट असेल तर चालणार नाही. मराठवाड्यात बऱ्याच गावांत बोअरचं पाणी क्षारयुक्त आहे आणि त्याची चव तोंडात राहिली की फळाची चव नीट कळत नाही. फिल्टरचं पाणी ठेवा. फळंही त्याच पाण्यानं, कोमटसर करून, चोळून धुवा.

तापमान सगळ्यात जास्त चुकतं. फ्रिजमधून काढल्याबरोबर खाल्लेलं सफरचंद थंड आणि करकरीत लागतं, पण जिभेला गोडी कमी जाणवते आणि वास उडत नाही. उलट मे महिन्यातल्या खोलीत पडलेलं फळ मऊ आणि कंटाळवाणं लागतं. २० अंशांच्या आसपास खरी चव उघडते. उन्हाळ्यात फ्रिजमधून काढून अर्धा-पाऊण तास, हिवाळ्यात तास-सव्वा तास, आणि सगळी वाणं एकाच वेळी बाहेर काढायची. एक गार आणि एक कोमट असेल तर तुलना वाया गेली.

कापताना उभं कापा, देठापासून खाली, आठ फोडी. एकाच फळात वरची, खालची, उन्हाची आणि सावलीची चव वेगळी असते. उभ्या फोडीत वर-खालचा सगळा भाग येतो. प्रत्येकाला उन्हाच्या बाजूची एक आणि दुसऱ्या बाजूची एक फोड द्या. साल काढू नका. लिंबू-मीठ लावू नका, त्यानं काळं पडणं थांबतं पण चव बदलते. कापल्यापासून पाच मिनिटांत खा. क्रम सौम्याकडून आंबटाकडं: आधी डेलिशियस, मग नवं, शेवटी ग्रॅनी स्मिथ, आणि मग पुन्हा एकदा नवं. एका बैठकीत पाचाहून जास्त वाणं नकोत. नावं झाकून ठेवा, वाट्यांखाली चिठ्ठ्या घाला. भाव माहीत असलेला माणूस महागाच्या फळाला नकळत जास्त गुण देतो.

‘हे आपल्या गालासारखंच तर आहे’ असं कुणी म्हटलं तर तीन फोडी पुढं ठेवा, दोन एका वाणाच्या आणि एक दुसऱ्या. वेगळी कोणती ते ओळखायला सांगा. नशिबानं तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून फोडी बदलून पाच-सहा वेळा करा. दरवेळी ओळखता आलं तरच फरक खरा.

दात लागल्यावर काय पाहायचं

पहिला घास समोरच्या दातांनी तोडा आणि आवाज ऐका. चांगल्या नव्या वाणांची मोठी कमाई इथंच आहे. हनीक्रिस्पसारख्या फळात पेशी मोठ्या असतात आणि चावल्यावर त्या फुटतात, रस एकदम बाहेर येतो. पिठूळ फळात पेशी न फुटता एकमेकींपासून सुटतात. रस आतच राहतो आणि तोंडात भिजवलेल्या पिठासारखा कण येतो. म्हणजे कोरडं लागणाऱ्या फळातही पाणी असतं, ते जिभेपर्यंत पोचत नाही.

मग दाढांनी सात-आठ वेळा चावा आणि तोंड मिटून श्वास नाकानं सोडा. वास इथं कळतो: केळ्याकडं झुकणारा, नासपतीसारखा, फुलासारखा किंवा नुसता गवताचा हिरवा. गवताचा असेल तर फळ कच्चं. मग साल. ती वेगळी होऊन दातांत अडकते की गराबरोबर विरते? जाड साल प्रवासाला बरी, पण लहान मुलं ती थुंकतात. शेवटी गिळल्यावर अर्धा मिनिट थांबा. तुरटपणा राहतो का, आंबट मागं राहतं की गोड, ते लिहून ठेवा. आकडेच हवे असतील तर करकर, रस, गोडी, आंबटपणा, वास, साल यांना पाचापैकी गुण द्या, पण बेरीज करू नका. करकर पाच आणि वास एक असलेलं फळ आणि त्याच्या उलट असलेलं फळ बेरजेत सारखं येतं, खाताना ती दोन अगदी वेगळी फळं आहेत.

आंबटपणाबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. आपल्याकडं सफरचंद म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डेलिशियस. त्यात आम्ल सुमारे पाव टक्का. जालन्याची मोसंबी, बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ, केशर आंबा, आपली आवडती फळंही कमी आंबट. त्यामुळं दुप्पट आम्लाचं नवं सफरचंद पहिल्या घासाला ‘कच्चं’ वाटतं. ते कच्चं आहे की आंबटगोड आहे हे आयोडीननं आधीच ठरवलेलं असतं. स्टार्च नसेल तर ती त्या वाणाची चव आहे. दुसऱ्या बैठकीपर्यंत थांबा. आंबटगोड वाण दोन-तीनदा खाल्ल्यावर डेलिशियस सपक वाटू लागतं, असा अनुभव बऱ्याच घरांत येतो.

दोष वाणाचा की त्या फळाचा

सालीखाली बारीक तपकिरी, कडवट ठिपके म्हणजे कॅल्शियमची कमतरता. त्या बागेचा दोष, पण हनीक्रिस्पमध्ये तो मुळातच जास्त. गाभ्याभोवती गर काचेसारखा पारदर्शक दिसला तर घाबरू नका. फुजीत हे नेहमी होतं, तो भाग उलट गोड असतो, फक्त असं फळ साठवायचं नाही. कापल्यावर आतला गर सगळीकडं तपकिरी असेल तर शीतगृहात कार्बन डायऑक्साइड वाढलेला किंवा फळ फार जुनं. एका बाजूला डाग म्हणजे मार लागलेला. गाभ्यात बुरशी दिसली तर फळ टाकून द्या. असा दोष एका फळात दिसला तर त्याचे गुण धरू नका, दुसरं फळ कापा. तीनपैकी दोन फळांत तोच दोष आला तर मात्र तो माल घ्यायचाच नाही.

आपल्या मातीतलं फळ चाखताना

हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी तयार केलेलं ‘एचआरएमएन-९९’ हे कमी थंडीवर येणारं वाण आता मैदानी भागांतही लावलं जातं, मराठवाड्यातल्या काही बागांतही. शर्मांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. हे फळ जूनच्या सुमारास तयार होतं, म्हणजे पहाडी माल यायच्या आधी. त्याला काश्मिरी फळाचा काटा लावू नका. लाल रंग भरायला रात्री थंड लागतात आणि आपल्या मे महिन्यातल्या रात्री तशा नसतात, त्यामुळं पिवळट, अर्धवट लाली आलेलं फळही तयार असू शकतं. रंग सोडा, बिया आणि आयोडीन पाहा. उन्हाळी सफरचंद टिकत नाही. तोडल्यापासून आठवडाभरात, सावलीत ठेवून चाखा, तीन आठवड्यांची फ्रिजची परीक्षा याला लावू नका. बागेतून घेत असाल तर सकाळी लवकर तोडलेलं मागा. दुपारी तोडलेल्या फळातली उष्णता पिशवीत कोंडून राहते आणि घरी येईपर्यंत गर मऊ पडतो.

दुसरी आणि तिसरी बैठक

तीन दिवस बाहेर ठेवलेल्या फळांचा आधी वास घ्या, देठाच्या विरुद्ध टोकाला नाक लावून. शीतगृहातून आलेल्या फळाचा सुगंध या तीन दिवसांत काही प्रमाणात परत येतो, आणि करकर किती गेली तेही दिसतं. तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलेलं फळ टिकाऊपणा सांगतं. दोन्ही वेळा शेजारी डेलिशियस नव्यानं आणून ठेवा.

मुलांच्या डब्यासाठी फळ हवं असेल तर आणखी एक चाचणी. प्रत्येक वाणाची एक फोड स्टीलच्या डब्यात झाकून ठेवा आणि दहा मिनिटं, अर्धा तास, दोन तासांनी उघडून पाहा. वाणावाणांत काळं पडण्याचा वेग फार वेगळा असतो. दोन तासांनंतरही पांढरट राहिलेली आणि चवीला उतरलेली फोड ज्या वाणाची, त्याची पेटी घ्यायला हरकत नाही. पेटी चार घरांत वाटून घ्या. १८ किलो सफरचंद एका घराच्या फ्रिजमध्ये मावत नाही, आणि बाहेर राहिलेलं फळ ऑक्टोबरच्या उकाड्यात दहा दिवसांत पिठूळ होतं.